बिनकड्यांची कातर

गुंडा गोरडाच्या कातरीखाली मेंढरू डोळे मिटून पडतं, असं म्हसवडच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर सगळे म्हणायचे. आणि ज्यांनी स्वतः पाहिलं होतं ते त्यात आणखी थोडी भर घालायचे. मेंढराचे पाय बांधून त्याला आडवं करायचं, गुडघा हलका टेकवायचा आणि पोटाकडून सुरुवात करून पाठीवर यायचं, एवढंच ते काम. त्याच्या पळसमाळ गावच्या प्रत्येक धनगराला ते येत होतं. पण दुसऱ्यानं कातरलेल्या मेंढराच्या अंगावर दोन-चार लाल ओरखडे उठायचेच, त्यावर हळद दाबावी लागायची. गुंडाच्या हातचं मेंढरू उठायचं, अंग झाडायचं आणि सरळ चरायला लागायचं. त्याची लोकर अख्खीच्या अख्खी, घोंगडं उतरवून ठेवावं तशी, बाजूला पडलेली असायची.

हे सगळं गुंडाला ठाऊक होतं. तो बोलून दाखवत नसे. पण कातरणीच्या दिवशी लांबलांबचे लोक आपापली मेंढरं दोरीला धरून त्याच्या दारात येऊन बसायचे, तेव्हा तो मुद्दाम सावकाश चहा प्यायचा. त्याची बायको रंगुबाई हे ओळखून होती. ती म्हणायची, आवं, प्या लवकर, मेंढरं ताटकळल्यात.

मग बहात्तर साल आलं. माण तालुक्यात पाऊस तसाही पाहुण्यासारखाच यायचा, त्या साली तो आलाच नाही. विहिरींचे तळ दिसले, बाभळीचा पाला संपला, निवडुंगाचे काटे भाजून तेही मेंढरांपुढं टाकून झाले. गुंडाच्या एकशे वीस मेंढरांतली एकोणीस उरली. नवराबायकोनं खडी फोडली, तलावाच्या कामावर माती वाहिली. पुढच्या आषाढात कातरणीचा दिवस आला तेव्हा गुंडाच्या दारात कोणीच बसलेलं नव्हतं. ज्यांची मेंढरंच उरली नव्हती, ते कशाला येतील? त्यानं आपली एकोणीस सकाळीच कातरून टाकली आणि कातर तेल लावून फडक्यात बांधली.

त्र्याहत्तरच्या दिवाळीनंतर रंगुबाईचा धाकटा भाऊ सयाजी म्हणाला, माझी साठ आणि तुमची एकोणीस एकत्र करू आणि कृष्णेच्या खोऱ्यात चरायला जाऊ. गुंडा निघाला. मेहुण्याच्या कळपात आपली एकोणीस मिसळून मागं मागं चालणं त्याच्या जिवावर आलं होतं, पण मेंढरं जगवायची तर चालणं भाग होतं.

फिरत फिरत त्यांचा मुक्काम तासगावच्या अलीकडं, येरळा नदीच्या काठी बेंदवाडीला पडला. हंबीरराव पाटलांचं तिथं भुईमूग काढलेलं रान होतं. त्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, असं ठरलं. हंबीरराव फौजेतून हवालदार होऊन परत आले होते. त्यांनी उसाच्या नादाला न लागता दोन एकरांवर द्राक्षं लावली होती, त्यातही नव्या बिनबियांच्या जातीची. दगडी खांब, वर तारांचा मांडव आणि त्यावर पसरलेले वेल. गावातले लोक आधी हसले होते, मग बघायला येऊ लागले होते.

मेंढरं बसलेल्या रानाला लागूनच हा मांडव होता. दुसऱ्या दिवशी सकाळी गुंडा वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी, आवरत होता. तेवढ्यात त्याच्या कानावर आवाज आला. कच, कच, कच. कात्र्यांचा आवाज, एकाच वेळी दहा-बारा. आषाढापासून त्याचा हात रिकामा होता. त्या आवाजानं त्याची बोटं आपोआप मुठीत वळली. वाघर तिथंच टाकून तो कुंपणाशी गेला.

मांडवाखाली बारा बायका होत्या. कोणी उभ्या, कोणी उपड्या पेटीवर बसलेल्या, माना वर करून घडांतले मणी कापत होत्या. मणी बाजरीएवढे होते. हे विरळणीचं काम. घडात मणी दाटीनं लागतात. ते तसेच ठेवले तर मोठे होताना एकमेकांना चेपतात, आतले पिचतात, कुजतात, आणि सगळा घड वाया जातो. म्हणून मणी बाजरीएवढे झाले की विरळणी सुरू करायची आणि हरभऱ्याएवढे व्हायच्या आत दोन्ही एकर उरकायचे. त्यानंतर कातरीचं टोकच आत शिरत नाही. आदल्या वर्षी निम्मी बाग अशीच राहून गेली होती.

बायकांची मुकादम होती मनुबाई. आटपाडीकडची, पन्नाशीची, काटक. दुष्काळात ती छाटलेल्या काड्या सरपणाला न्यायला म्हणून या बागेत आली होती, आणि आता छाटणीपासून तोडणीपर्यंत हंगामभर इथंच छपरात राहायची. तिच्या उजव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळलेली होती. गुंडानं पाहिलं, बायकांच्या हातांत शिंप्याकडं असतात तशा कात्र्या होत्या. कडी एवढीशी, अंगठा रुतलेला, प्रत्येक कापणीनंतर कात्री उघडायला पुन्हा जोर. टोक हलायचं, शेजारचा चांगला मणी सोलला जायचा.

गुंडाला राहवलं नाही. कुंपणाबाहेरूनच तो म्हणाला, "आक्का, ही कातरणी न्हवं. ही वरबडणी हाय."

मनुबाईनं मानही वळवली नाही. "मग पावनं, आत या आन दावा की कातरून."

बायका हसल्या. हंबीरराव पलीकडच्या ओळीत पाणी बघत होते, तेही आले. त्यांनी स्वतःच्या हातानं एक कात्री गुंडापुढं धरली. गुंडानं ती घेतली, पण जन्मभर मुठीनं कातर दाबून त्याची बोटं इतकी जाड झाली होती की अंगठा कड्यात जाईना. बायका आणखी हसल्या. गुंडा मुक्कामावर गेला आणि फडक्यातली आपली कातर घेऊन आला. एकाच पोलादी पट्टीची, मध्ये वाकवून चिमट्यासारखी केलेली, टोकांना दोन पाती. मुठीत दाबली की मिटायची, सोडली की आपसूक उघडायची. तिला कडी नव्हतीच.

त्यानं एक घड डाव्या हातात धरला, कातर आत घातली आणि दाबली. कातर वीतभर पात्यांची. मणी दोन पडले, पण त्यांच्यामागचा मुख्य देठही गेला, आणि अख्खा घड त्याच्या पायाशी पडला.

या वेळी कोणीच हसलं नाही. हंबीररावांनी वाकून तो घड उचलला, थोडा वेळ हातात धरला आणि म्हणाले, "गड्या, मेंढराची लोकर पुन्ना येती. ह्यो घड ह्या साली पुन्ना येत न्हाई."

ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं, असं गुंडाला वाटलं. दिवसभर तो मेंढरांमागं हिंडला, पण त्याचं लक्ष चरण्याकडं नव्हतं. आजवर त्याच्या कातरीनं कशाला जखम केली नव्हती. रंगुबाईनं विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. काही न लपवता सांगितलं, तेव्हाच तिनं ओळखलं की हा माणूस उद्या पुन्हा तिकडं जाणार.

आणि तो गेला. फेटा काढून, हात मागं बांधून मनुबाईपुढं उभा राहिला. म्हणाला, "आक्का, कंचा मणी काढायचा त्ये दावा. मी कातरीला हात लावत न्हाई."

मनुबाईनं त्याला पेटी सरकवून दिली. त्या दिवशी तिनं त्याला जे शिकवलं ते तिला कोणी शिकवलेलं नव्हतं; हंबीररावांनी पुस्तकातलं थोडं सांगितलं होतं, बाकीचं तिनं दोन हंगाम घड बघून जमवलं होतं. आतल्या बाजूला तोंड केलेला मणी काढायचा. बारका, मागं राहिलेला काढायचा. तीन एका जागी असतील तर मधला काढायचा. घडाच्या खांद्याला दोन पाकळ्या, म्हणजे बाजूचे छोटे फाटे, असतात, त्या जपायच्या, पण त्यांच्या खालची दाटी मोडायची. शेंडा थोडा खुडायचा. "घडात वारा फिराय पायजे," ती म्हणाली, "पर भगदाड दिसता कामा न्हाई." गुंडा ऐकत होता आणि मनात म्हणत होता, की हे कळायला डोळा लागतो, आणि तो आपल्याला नाही. पण हात आहे. थंडीच्या तोंडावर मेंढराच्या अंगावर बोटभर लोकर ठेवून कातरायचं असतं. ती बोटभर कुठंच कमीजास्त होऊ न देणं, हे त्याला जमत होतं.

दुपारी मनुबाईनं भाकरी खाताना अंगठ्याची चिंधी सोडली. कात्रीच्या कड्यानं कातडं पार सोलून निघालं होतं. इतर बायकांचे हातही तसेच. मनुबाईनं हळद लावून नवी चिंधी गुंडाळली आणि पुन्हा कामाला उठली. गुंडा त्या अंगठ्याकडं बघत बसला. मग त्यानं आपल्या मोठ्या कातरीकडं बघितलं. तिला कडी नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यानं मेंढरं रंगुबाईच्या हवाली केली आणि विट्याहून एसटी धरून दहिवडीला गेला. तिथं नाथाजी लोहार होता. गुंडाची कातर नाथाजीनं घडवली होती, आणि गुंडाच्या बापाची नाथाजीच्या बापानं. गुंडानं सांगितलं, अशीच कातर पाहिजे, पण माझ्या तळहातात मावंल एवढी. पाती दोन बोटांची, टोक सुईसारखं, आणि दाब इतका हलका की बाईमाणसानं दिवसभर दाबली तरी मनगट भरून येऊ नये.

नाथाजीनं भाता थांबवला. "गुंडा, बाहुलीची मेंढरं पाळलीस व्हय?"

गुंडानं त्याला द्राक्षं समजावून सांगितली. नाथाजीनं द्राक्षं फक्त बाजारात पाहिली होती. तो म्हणाला, एवढ्या बारीक पट्टीला लवचीक ठेवणं अवघड आहे, मऊ राहिली तर उघडणार नाही, कडक झाली तर मोडेल. आणि झालंही तसंच. पहिली पट्टी पाण्यात विझवतानाच तडकली. दुसरी इतकी ताठ झाली की गुंडालाही दाबायला जोर लागला. गुंडा जायचं नाव घेईना. तो दोन रात्री लोहारवाड्यातच राहिला. तिसऱ्या खेपेला नाथाजीनं मोडक्या गाडीच्या कमानपाट्याचं पोलाद घेतलं, ठोकून ठोकून पातळ केलं, पाण्याऐवजी तेलात विझवलं आणि पुन्हा थोडं शेकलं. पाती जुन्या कानशीची केली. गार झाल्यावर त्यानं ती गुंडाच्या हातात दिली. दाबली, मिटली. सोडली, उघडली. आवाजसुद्धा वेगळा होता, चिमणीनं दाणा फोडावा तसा.

लोहारवाड्यामागं ज्वारी नुकतीच कणसात आली होती. गुंडानं एक कणीस वाकवलं आणि त्यातले दाणे एकाआड एक काढत गेला. शेजारच्या दाण्याला धक्का लागला नाही. नाथाजी जवळ येऊन बघत राहिला. घडणावळ सांगायच्या ऐवजी तो म्हणाला, आणखी लागल्या तर कळव, आता जमलंय मला.

बेंदवाडीत परत आल्यावर गुंडा आधी बागेत गेला. कातर त्यानं हंबीररावांना नाही, मनुबाईला दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली. कडी नाहीत, मग धरायची कशी, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. गुंडानं तिच्या मुठीत ती नीट बसवून दिली. तिनं एक घड धरला, पाच-सहा मणी काढले. थांबली. आणखी काढले. मग तिनं अंगठ्याची चिंधी सोडली, कमरेला खोचली आणि पुढच्या घडाकडं वळली. तो घड झाल्यावर तिनं कातर शेजारच्या बाईला दिली, आणि अशी ती बारा हातांतून फिरून आली.

हंबीररावांनी त्याच दिवशी माणूस पाठवून नाथाजीकडून तशाच बारा कातरी मागवल्या. त्या येईपर्यंत गुंडा ती एकच घेऊन बायकांमध्ये बसला. बारा बायका आणि तेरावा हा, डोक्याला तांबडा फेटा, गालावर झुपकेदार मिशा. मनुबाई बोट लावून दाखवायची आणि तो काढायचा. चार दिवसांनी ती बोट लावायची थांबली. कातरी आल्या तेव्हा मणी फुगायला लागले होते. सगळ्यांनी मिळून दोन्ही एकर उरकले, आणि शेवटची ओळ संपली तेव्हा मणी हरभऱ्याला टेकले होते.

या दिवसांत सयाजीला मात्र चैन पडत नव्हतं. मेंढरांमागं बहिणीला फिरावं लागत होतं, आणि येणारेजाणारे धनगर विचारायचे, तुमचं दाजी बायकांत बसून काय करतात. एका संध्याकाळी जेवताना त्यानं ते बोलून दाखवलं. गुंडा भाकरी मोडत राहिला. त्याला लागलं होतं. रंगुबाई तव्यावरची भाकरी उलटत होती. ती म्हणाली, "सया, दुस्काळाआदी तुजी मेंढरं ह्येनी कातरली तवा हात गड्याचा व्हता. द्राक्षाला लागला म्हंजी बाईचा झाला व्हय? आन बाईचा झाला, तर काय वंगाळ झालं? तू जेवतोस ती भाकरी कुणाच्या हातची हाय?"

सयाजीनं नंतर तो विषय काढला नाही.

फेब्रुवारीत द्राक्षं तोडणीला आली तेव्हा मेंढरं पार भिलवडीच्या पुढं गेली होती. गुंडा तिथून पायी चालत बेंदवाडीला आला, नुसतं बघायला. मांडवाखाली घड लोंबत होते, पिवळसर हिरवे, उन्हात मण्यांच्या आतल्या शिरा दिसाव्यात इतके स्वच्छ. बायका घड तोडून, कागदाच्या पट्ट्या घालून पेट्या भरत होत्या. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस आला होता. तो घड उचलून उलटा करायचा, आतले मणी दाबून बघायचा. चार-पाच पेट्या बघितल्यावर त्यानं बघणंच सोडलं आणि हंबीररावांना विचारलं, यंदा माणसं कुठली आणली. हंबीररावांनी मनुबाईकडं बोट केलं, मग गुंडाकडं. तो माणूस आधी हसला. मग पाटील हसत नाहीत हे बघून गप्प झाला.

मनुबाईनं गुंडाला एक घड दिला. त्यानं एकच मणी तोंडात टाकला आणि उरलेला घड रंगुबाईसाठी धोतराच्या सोग्यात बांधून घेतला.

असा पहिला हंगाम गेला. दुसऱ्या हंगामात गुंडा आपणहून आला, मुक्कामही त्याच रानात पडला. आता सगळे त्याचं नाव घेत होते. शेजारच्या गावांतले बागायतदार कातर बघायला यायचे, आणि त्यांच्यापुढं गुंडाचा हात जरा जास्तच चालायचा. मनुबाई एका घडाला जेवढा वेळ लावायची, तेवढ्यात तो दोन करू लागला. लोक वा वा म्हणायचे. एकदा चार-पाच पाहुणे बघत उभे असताना त्यानं सबंध एक ओळ एकट्यानं सकाळभरात उरकली. पाहुणे गेल्यावर मनुबाई त्या ओळीतून चालत गेली, शेवटपर्यंत गेली, परत आली आणि सगळ्या बायकांदेखत म्हणाली, "बास. आजपास्नं तू आनिक कुटल्याबी वळीला हात लावायचा न्हाई."

गुंडानं विचारलं का. ती म्हणाली, "घड तासल्यात तू, इरळले न्हाईत. पावण्यांसाठी कातरत व्हतास. द्राक्षासाठी न्हवं."

गुंडा उठला, कातर पेटीवर ठेवली आणि निघून गेला. दोन दिवस तो मेंढरांमागं राहिला. हंबीररावांनी निरोप धाडला, तरी गेला नाही. ज्या बाईच्या अंगठ्यासाठी आपण लोहारवाड्यात दोन रात्री काढल्या तिनं चारचौघींत बोलावं, हे त्याला सहन होत नव्हतं. तिसऱ्या दिवशी सकाळी, बायका यायच्या आधी, तो बागेत शिरला आणि त्या ओळीत जाऊन उभा राहिला. दोन दिवसांत मणी फुगले होते. शेजारच्या ओळीत मनुबाईनं केलेले घड सगळीकडून सारखे भरत आले होते. त्याच्या ओळीत मात्र घडांच्या मधोमध पोकळ्या पडल्या होत्या. घड वळवला तर पलीकडचा उजेड दिसत होता. त्यानं एक एक घड बघितला. खोटं बोलायला तिथं जागाच नव्हती.

बायका आल्या तेव्हा तो मनुबाईच्या शेजारच्या पेटीवर बसलेला होता. तिनं पहिला घड धरला आणि नजरेनंच कुठून सुरुवात करायची ते दाखवलं. त्या दिवसापासून गुंडा कोणापुढंही घाईनं कातरला नाही. पुढं कोणी त्याच्या हाताची तारीफ केली की तो मान डोलवायचा, पण काम थांबवून उत्तर द्यायचा नाही.

त्या हंगामाच्या शेवटी हंबीररावांनी त्याला बोलावलं. म्हणाले, बागेशेजारी दोन खोल्या बांधतोय, त्यात राहा. वर्षभर काम आहे, छाटणी आहे, औषध मारायचं आहे, मेंढरांमागं कुठं वणवण करतोस? घरात म्हातारपणाची सोय होईल. रंगुबाईही ऐकत होती. खोल्यांवर कौलं होती, विहिरीला बारमाही पाणी होतं. बहात्तर सालात ज्यांनी खडी फोडली त्यांना ही गोष्ट लहान नव्हती. गुंडानं बायकोकडं पाहिलं. ती जमिनीकडं बघत होती, पण तिनं मान हलवली नाही, होकारानंही नाही आणि नकारानंही नाही. उत्तर तिनं त्याच्यावर सोपवलं होतं.

"पाटील," गुंडा म्हणाला, "हंगामाला ईन. बोलवाय मानूस धाडाय लागायचा न्हाई. पर सालगडी व्हायाचं न्हाई मला. मेंढरं एकोणीसवरनं बेचाळीस झाल्यात. तेवढ्यांचा मी मालक हाय."

बागेसाठी हंबीररावांनीही भावकीचं ऐकलं नव्हतं, ते कदाचित त्यांना आठवलं असावं. मग फौजेतल्या सवयीनं "ठीक है" म्हणाले आणि खोल्यांचा विषय संपला. बाहेर आल्यावर रंगुबाई म्हणाली, बरं केलंत, कौलाखाली मला झोप लागली नसती. ते खरं होतं की नवऱ्याला बरं वाटावं म्हणून होतं, हे गुंडाला कधीच कळलं नाही.

पुढच्या तीन-चार वर्षांत नाथाजीच्या कातरी येरळेकाठच्या पाच-सहा गावांत गेल्या. कोणी त्यांना माणची कातर म्हणायचं, कोणी हंबीररावांच्या बागेत पाहिली म्हणून फौजी कातर. बाजारात दुसऱ्याच लोहारांनी तशा करून विकायला सुरुवात केली, तेव्हा नाथाजी वैतागला आणि गुंडाकडं तक्रार घेऊन आला. गुंडानं बाजारातली एक मागवून दाबून बघितली. दहा घडांनंतर ती अर्धीच उघडायला लागली. त्यानं ती नाथाजीच्या हातात दिली आणि म्हणाला, आता जेवून जा. नाथाजी जेवला आणि खुशीत गेला.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरातली गोष्ट. मेंढरं बेंदवाडीला बसली होती, हंबीररावांची विरळणी आदल्या दिवशीच आटोपली होती. सकाळी एक जीप येऊन कुंपणाशी थांबली. मिरजेकडच्या एका बड्या बागायतदारानं ती पाठवली होती. त्याची सहा एकर बाग दाटली होती, मणी भराभर वाढत होते आणि त्याच्याकडच्या माणसांना काम आवरत नव्हतं. ड्रायव्हर इस्त्रीच्या कपड्यातला होता. त्यानं विचारलं, उस्ताद कोण आहेत, त्यांना घेऊन यायला सांगितलंय.

बायकांनी गुंडाकडं पाहिलं. गुंडा मेंढरांना पाण्यावर नेत होता. त्यानं ड्रायव्हरला थांबायला सांगितलं, मेंढरं पाजली, वाघर बांधली, रंगुबाईला सांगितलं की आठ दिवसांनी येतो. मग आला आणि मनुबाईकडं हात करून म्हणाला, "उस्ताद ह्या. मी त्येंच्या हाताखाली हाय. त्या आल्या तर आमी समदी येतो, न्हाई तर कुनी येत न्हाई."

मनुबाई छपरात भाकरी खात होती. तिनं ती पुरी केली, हात धुतला, पदर खोचला आणि कातर कमरेला लावली. ड्रायव्हरनं पुढचं दार उघडलं, तेव्हा ती क्षणभर थबकली. पुढं पाटील बसतात, पुढारी बसतात, हे तिनं पाहिलेलं होतं. मग ती चढली आणि नीट टेकून बसली. मागं बारा जणांची दाटी झाली, त्यात फेटा सावरत गुंडा. बायका एकमेकींच्या मांडीवर बसल्या होत्या आणि कातरी टोचू नयेत म्हणून हात वर धरून होत्या. जीप तासगावच्या रस्त्याला लागली, तेव्हा मनुबाईनं ड्रायव्हरला सांगितलं, सावकाश चालव, मागं माझी माणसं आहेत.

मिरजेकडच्या त्या बागेत मालक स्वतः फाटकात उभा होता. त्यानं गुंडाला ओळखलं, कुठं तरी ऐकलेलं वर्णन जुळलं असावं, आणि हात जोडून पुढं आला. गुंडा बाजूला झाला. मनुबाई उतरली, मांडवाखाली गेली, दोन ओळी हिंडून बघितल्या, चार-पाच घड आतून चाचपले. मणी ज्वारीएवढे झाले होते, उशीर व्हायला आला होता, पण गेलेला नव्हता. ती मालकाला म्हणाली, आठ दिवसांत होईल, पण तुमच्या माणसांनीही आमच्याबरोबर बसायचं, नुसतं बघत उभं राहायचं नाही. मालकानं मान डोलावली.

मग तिनं पेटी ओढली, पहिला घड वळवला आणि गुंडाला म्हणाली, "हितनं धर." गुंडा तिच्या शेजारी बसला आणि कामाला लागला.